खाजरी शेंग, थरथरता हात

खाजकुहिलीची शेंग दिसते मखमली, पण तिच्यावरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस थयथय नाचतो. (ही लव कुणाच्या बाकावर टाकायची, हे कोकणातल्या पोरांना शिकवावं लागत नाही.) पण शेंग फोडून बघा. आत गुळगुळीत, तुकतुकीत बिया. वैद्य त्या दुधात शिजवून, साल काढून वापरतात. शक्तीसाठी आणि चक्क कंपवातासाठी!

कंपवात म्हणजे ढोबळमानाने आजचा पार्किन्सन. मेंदूत डोपामिन कमी पडतं, हात थरथरतो, पाऊल उचलता उचलत नाही. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना ते दारातच अडतं. त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, मात्र आत जातो. तो पडला अमिनो आम्ल, म्हणजे अन्नातल्या प्रथिनांचा भाऊबंद. परक्याला अडवणारा वॉचमन डबेवाल्याला कधी हटकतो का? आत गेल्यावर त्याचंच डोपामिन होतं. आणि या बीत लेव्होडोपा किती? वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के!

वेलीला कुठे पार्किन्सन होतो? तिला लेव्होडोपा हवं किडे आणि आजूबाजूचं तण दूर ठेवायला.

1937 साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. पार्किन्सनशी त्याचं नातं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी मेंदूतलं डोपामिन घटवणारं रिसर्पिन देऊन सशांना निपचित पाडलं, मग डोपा टोचलं, आणि ससे उठून हिंडू लागले! गंमत बघा, रिसर्पिन मिळालं होतं आपल्या सर्पगंधेतून. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

2004 मध्ये लंडनला बियांच्या 30 ग्रॅम पुडीची गाठ लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीशी घातली. गोळीचा गुण यायला सुमारे 69 मिनिटं लागली, पुडीचा 35 मिनिटांतच आला. टिकलाही 37 मिनिटं जास्त. रुग्ण मात्र अवघे 8.

रोज घ्यायची म्हटलं की चित्र पालटतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 16 आठवड्यांच्या चाचणीत 14 पैकी 7 जणांनी पुडी मध्येच सोडली. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची हालचाल. गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते लेव्होडोपाचं डोपामिन वाटेतच होऊ देत नाही, म्हणून मळमळ कमी होते. बीमध्ये ही सोबत नाही. शिवाय बीगणिक लेव्होडोपा कमीजास्त. तेव्हा चालू गोळ्यांवर घरी कुटलेली पूड घ्यायची नाही. विचारायचं असेल तर ते डॉक्टरांना.