कासदाह : लोहासाठी चाललेली झुंज

गाई-म्हशींतील कासदाह (दगडी) हा बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतो. त्यांपैकी ई. कोलाय या जिवाणूस वाढीसाठी लोह लागते. ते त्याला मिळू नये म्हणून कासेत लॅक्टोफेरीन हे प्रथिन असते. ते लोह घट्ट धरून ठेवते. जिवाणूही एंटरोबॅक्टिन हे द्रव्य सोडून लोह ओढून घेतो. तेव्हा जनावराच्या पांढऱ्या पेशी दुसऱ्या एका प्रथिनाने हे द्रव्यच पकडतात.

विण्याच्या सुमारे ६० दिवस आधी गाय आटवतात. त्यानंतर लॅक्टोफेरीन हळूहळू वाढते. परंतु पहिले २ आठवडे आणि विण्याच्या सुमारास ते अपुरे पडते. त्यावेळी कासेत सायट्रेट जास्त असते व त्याला चिकटलेले लोह जिवाणूंना सहज मिळते. म्हणून या दिवसांत पुढील काळजी घ्यावी.

१) गोठा कोरडा ठेवावा, शेण-मूत्र साचू देऊ नये.
२) आटवताना शेवटची धार पूर्ण काढून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सडात औषध सोडावे व सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत.
३) कास सुजली असता लोहाचे इंजेक्शन परस्पर देऊ नये.