मुलाकडे निघालात, पण काँगोला

गेल्या महिन्यात सायखेड्यातील एक निवृत्त गुरुजी सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. वय 68, मधुमेह, रक्तदाब, दोन वेळा इन्सुलिन. मुलगा काँगोत कोल्वेझी या खाणीच्या गावी नोकरीला आहे आणि सहा महिने आईवडिलांना जवळ ठेवावे अशी त्याची इच्छा आहे. "डॉक्टर, तब्येतीला काही हरकत नाही ना?" एवढेच गुरुजींना विचारायचे होते. मी दोघांना बसवून घेतले आणि तासभर बोललो. त्याला एक जुने कारण आहे.

काही वर्षांपूर्वी वस्तीवरचे एक शेतकरी तापाने फणफणून माझ्याकडे आले होते. गावात डेंगीची साथ होती, बाहेर रांग होती. मी रक्त तपासायला सांगितले नाही, पॅरासिटामॉल दिले आणि दोन दिवसांनी बोलावले. चौथ्या दिवशी ते बरळू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आम्ही तीनच आठवड्यांमागं लेकाकडून आलो ना, आफ्रिकेतून." फाल्सीपेरम मलेरिया होता. नाशिकला अतिदक्षता विभाग, दोनदा डायलिसिस. ते वाचले, पण पूर्वीसारखे शेतात उभे राहू शकले नाहीत. प्रवास केला होता का, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. मलेरिया टाळण्याच्या गोळ्याही त्यांनी घरी पोहोचताच बंद केल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून वाचकहो, आपण अशा ठिकाणी निघाला असाल तर मुलाच्या एका वाक्यापासून सावध राहा : "इथं सगळ्यांनाच मलेरिया होतो, सर्दीसारखा." तेथे जन्मलेल्या, वारंवार हा आजार झालेल्या प्रौढांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. साठीनंतर प्रथमच तेथे उतरणाऱ्या आपल्यात ती नसते. मच्छरदाणी, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी, यांतले एकही सोडू नये. परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी देशाचे नाव सांगावे.

पीतज्वराच्या लसीविना काँगोत प्रवेश नाही. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि 2016 पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते हरवू नका. त्याशिवाय परतलात तर आपल्याकडच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मात्र साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका, कमी असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ स्टिरॉइड, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी यांपैकी काही असल्यास ते लपवू नये. गुरुजींच्या पत्नी संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट घेतात. त्यांची लस मी थांबवली आहे आणि तज्ज्ञांचे मत येईपर्यंत तिकीट काढू नका, असे सांगितले आहे. मुलगा फोनवर नाराज झाला. होऊ दे.

आपण गोदाकाठची माणसे. 2016 च्या पुरात रस्ते तुटले, तेव्हा औषधाची एक पट्टी किती मोलाची असते हे सायखेड्याने पाहिले आहे. कोल्वेझी लुबुम्बाशीपासून सुमारे 300 किलोमीटर आत आहे. आपली ठरलेली गोळी तेथे मिळेलच असे धरून चालू नये. पूर्ण मुक्कामाचा साठा, वर महिनाभराचा अधिक, कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी आणि जोडीला जुना ईसीजी न्यावा. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वीज गेली तर माठाचा गारवा अजूनही उपयोगी पडतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे प्रवासाच्या दिवशीचा डोस आधीच विचारून घ्यावा. आणि स्वेटर न्या! गाव उंचीवर आहे. जून-जुलैच्या रात्री चांगल्याच गार असतात. कोरड्या महिन्यांत लाल धूळ उडते, दमेकऱ्यांनी इनहेलर उशाशी ठेवावा.

एक दुखणे मात्र कोणत्याही चिठ्ठीत लिहिता येत नाही. मुलगा पहाटे खाणीवर जातो, सून कामाला, नातू शाळेत, फाटकावर पहारेकरी. पारावर बसणारा माणूस दिवसभर कुंपणाच्या आत राहतो. परतलेल्या एका आजींनी मला सांगितले, "खायला-प्यायला कमी नव्हतं, बोलायलाच नव्हतं कुणी." भूक मंदावणे, झोप उडणे, गोळ्या विसरणे ही त्याची पहिली लक्षणे, सुनेने व मुलाने ती म्हातारपणाच्या खात्यात टाकू नयेत. त्या आजी शेवटी स्वयंपाकीण बाईंकडून स्वाहिली शिकल्या. चहाला तिथेही चाय म्हणतात आणि दुकानाला डुका, हे कळल्यावर त्यांची भीड मोडली. दोघी मिळून अंगणात मेथी लावू लागल्या.

गुरुजी आता पहाटे ओट्यावर बसून फ्रेंच आकडे पाठ करतात. मी त्यांच्या पत्नीच्या अहवालाची वाट पाहत आहे. ते गेलेच, तर परतीच्या तारखेपुढचे चार आठवडे माझ्या रोजनिशीत लाल शाईने आखलेले असतील.