डिस्क निर्दोष आहे

मयेहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. गावच्या जत्रेतली नाटकं, काले, घरची लग्नकार्यं असं दोनेक टीबी चित्रीकरण त्यांनी एका जुन्या डेस्कटॉपवर साठवलं आणि त्यावर 'जेलीफिन' हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, फोनवर हवं ते नाटक लावता येतं. पण अलीकडची, फोनवर ४केमध्ये काढलेली नाटकं हॉलमधल्या टीव्हीवर अडखळतात. ऐन नांदीला पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क काढा आणि एनव्हीएमई एसएसडी घाला, सेकंदाला सात हजार एमबी वेग आहे. घालू का?

घालू नका, निदान त्यासाठी तरी नको. आयफोनवर ४के, ६० फ्रेम या प्रकारात काढलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण ४०० एमबी जागा खातो. म्हणजे तो बघताना डिस्कवरून सेकंदाला सात एमबीदेखील उचलावे लागत नाहीत. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबी सहज देते. चवथीला घर भरलं आणि पाच जणांनी पाच खोल्यांत पाच वेगळी नाटकं लावली, तरी ती दमणार नाही. शिवाय घरातलं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला १२५ एमबीच्या पुढे जात नाही. अनेक स्मार्ट टीव्हींच्या मागचं केबलचं भोक तर अजून १०० मेगाबिटचंच, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा एमबी. खोक्यावरचे सात हजार त्या टीव्हीपर्यंत पोहोचणार कुठून?

एसएसडी निरुपयोगी आहे असं नाही. जेलीफिन आपली यादी आणि कुठलं नाटक कुठवर बघून झालं याच्या नोंदी एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं. तिथे शेकडो बारीकसारीक गोष्टी इकडून तिकडून उचलायच्या असतात आणि त्यात फिरती डिस्क खरोखरच मार खाते. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम आणि हा डेटाबेस एका छोट्या, स्वस्त साटा एसएसडीवर ठेवा. यादी झटकन उघडेल, नाटक मात्र अडखळायचं तसंच अडखळेल.

कारण अडखळतो तो प्रोसेसर. फोन ४के व्हिडिओ ज्यात बांधून ठेवतो तो एचईव्हीसी हा नवा प्रकार; हॉलमधला टीव्ही जुना आहे, त्याला तो कळत नाही. म्हणून सर्व्हर ती फाइल उलगडून, टीव्हीला कळेल अशा एच.२६४ प्रकारात तिथल्या तिथे पुन्हा बांधतो. हेच ट्रान्सकोडिंग. ४केच्या एका फ्रेममध्ये ८३ लाख ठिपके असतात, ६० फ्रेमला सेकंदाला जवळजवळ ५० कोटी. उलगडणं त्यातल्या त्यात सोपं. बांधताना मात्र नटाचा हात मागच्या फ्रेममध्ये नेमका कुठे होता हे चौकोनाचौकोनाला शोधावं लागतं आणि तिथे घाम फुटतो.

हे बांधणं मुळात शक्य कसं होतं, तो भाग माझ्या फार आवडीचा. त्यामागचा माणूस बंगळुरूचा, आणि त्याचं नाव आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्राचा छोटा चौकोन कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडता येईल, ही त्यांची कल्पना. समजा, तुमच्यापुढे ६४ पट्ट्यांची पेटी आहे आणि प्रत्येक पट्टी दाबली की सुराऐवजी एक नक्षी उमटते. खर्जातल्या पट्ट्यांना सपाट, हळूहळू उजळत जाणारी नक्षी. टिपेच्या पट्ट्यांना बारीक बारीक पट्टे. आठ बाय आठ ठिपक्यांचा जगातला कोणताही चौकोन या ६४ पट्ट्या कमीजास्त दाबून हुबेहूब वाजवता येतो. गंमत अशी, की खऱ्याखुऱ्या चित्रात बहुतेक काम खर्जाच्या पाचसहा पट्ट्यांतच उरकतं. टिपेच्या पट्ट्या हळूच सोडून दिल्या तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. साठवायच्या त्या फक्त दाबलेल्या पट्ट्या.

यासाठी अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. मिळालं नाही. ही सगळी कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. (अवघड लिहिलं असतं तर अनुदान मिळालं असतं का, हा प्रश्न आजही अनेक संशोधकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.) त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह चार पानांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४, एचईव्हीसी, अगदी २०१८ चं एव्ही१ देखील, सगळ्यांच्या पोटात तीच पेटी आहे, कुठे पट्ट्या वाढवलेली, कुठे पूर्णांकांत बसवलेली. दिवसाला दोनतीन तास आपण सगळे जे बघतो ते या माणसाच्या गणितातून गाळून येतं, आणि गौरवाचे लेख मात्र फोन विकणाऱ्यांवर लिहिले जातात.

आता मयेच्या डेस्कटॉपकडे. त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा. इंटेलने २०११ पासून आपल्या चिपमध्ये 'क्विक सिंक' नावाचा व्हिडिओसाठी वेगळा भाग घातला. तो या चिपमध्येही आहे आणि एच.२६४ झपाट्याने बांधतो. पण एचईव्हीसीचं मानक मंजूर झालं तेच मुळी २०१३ साली. दहा बिटांच्या एचईव्हीसीसकट तो प्रकार चिपमध्येच उलगडायची सोय सातव्या पिढीपासून आली. म्हणजे ४के उलगडण्याचं ओझं इथे साध्या कोअरवर पडतं, आणि फोनने एचडीआरमध्ये टिपलं असेल तर रंग उतरवून घेण्याचं काम वर आणखी.

सेटिंगमध्ये तरी काय बघायचं? आधी डॅशबोर्ड उघडा. चालू व्हिडिओ थेट जातो आहे की ट्रान्सकोड होतो आहे आणि का, हे तिथे लिहिलेलं असतं. पुष्कळदा टीव्हीवरच्या अॅपमध्ये दर्जाची मर्यादा कमी ठेवलेली असते आणि टीव्हीला फाइल कळत असूनही सर्व्हर उगाच राबतो. ती मर्यादा काढा. हार्डवेअर अॅक्सिलरेशन चालू करा; लिनक्सवर एवढ्या जुन्या चिपसाठी क्यूएसव्ही नव्हे, व्हीएएपीआय. प्रीसेट 'व्हेरीफास्ट' ठेवा. चित्ररूपातली सबटायटल्स बंद करा, ती चित्रात मिसळायची तर पुन्हा बांधणी आलीच. एवढं करूनही ४के चाललं नाही, तर नवं यंत्र घेण्याआधी एक साधा मार्ग आहे: रात्री निजताना त्या फाइलींचं १०८०पी, एच.२६४ मध्ये एकदाच रूपांतर लावून ठेवा. रोज रात्री एक नाटक. वेळेची घाई नसल्यामुळे प्रीसेट 'स्लो' ठेवता येतो आणि तेवढ्याच जागेत चित्र जास्त चांगलं उतरतं. मूळ फाइल पुसायची नाही.

खरं तर याच यादीतल्या जुन्या नाटकांची मला जास्त काळजी वाटते. व्हीएचएस टेपवरून उतरवलेल्या त्या फाइली ७२० बाय ५७६ च्या, सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमच्या. सरळ लावल्या तर हलत्या हाताच्या कडांना आडव्या रेघा दिसतात. रूपांतर करताना डीइंटरलेस करून २५ ऐवजी ५० पूर्ण फ्रेम ठेवा, म्हणजे दशावतारातल्या संकासुराच्या उड्या तुटणार नाहीत. रात्रीच्या रंगमंचावरच्या या टेपमध्ये दाणे फार असतात, आणि दाणे म्हणजे टिपेच्या सगळ्या पट्ट्या एकदम दाबलेल्या. नाटक अंधारातलं असूनही फाइल फुगते ती त्यामुळे. हलका डीनॉइज चालेल, जास्त केला तर नटांचे चेहरे मेणाचे होतात.

एनव्हीएमईसाठी बाजूला काढलेले पैसे दुसरी साधी हार्ड डिस्क घेऊन सगळ्याची प्रत करण्यात घाला आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. उरले तर ज्या टेप अजून कपाटात आहेत त्या उतरवून घ्या. गोव्याच्या पावसाळी दमटपणात टेपवर बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. मयेत, डिचोलीत, पेडण्यात ज्या मंडळांकडे जुन्या नाटकांच्या टेप पडून आहेत, त्यांनी चालू असलेला व्हीसीआर कुणाकडे आहे ते या पावसाळ्याआधी शोधावं.