पेजमेकर आता विकतच मिळत नाही, मग त्याची कॉपी करणं चोरी आहे का?

लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत हे सगळं वर्षानुवर्षं पेजमेकरवर झालं. अ‍ॅडोबीने २००१ मध्ये त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती आणली आणि २००४ मध्ये पुढचं काम थांबवलं.

समजा, भिंगारमधल्या एखाद्या डीटीपी सेंटरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. फाइल्स आहेत, सॉफ्टवेअर नाही. मित्राकडची कॉपी टाकली तर?

कायदा काय सांगतो?

विक्री थांबली म्हणून मालकी हक्क संपत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सॉफ्टवेअर ही साहित्यकृती मानली जाते. बेकायदा कॉपी जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब प्रमाणे ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर कमाईसाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळू शकतं. रीतसर विकत घेणाऱ्याला मात्र कलम ५२ नुसार बॅकअप कॉपी ठेवता येते.

नैतिकदृष्ट्या?

‘कंपनीचं नुकसान काय?’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. कंपनी आज इनडिझाइन विकते. फुकटच्या पेजमेकरवर धंदा चालवला तर ते विकत कोण घेईल? पण फाइलमधला मजकूर कंपनीचा नाही. स्वतःचंच काम वाचवण्यासाठी ती उघडणं वेगळं. अमेरिकेने २००३ मध्ये बिघडलेल्या, कालबाह्य डोंगलमुळे अडकलेल्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायला सूट दिली, ती याच विचाराने.

मग करायचं काय?

मूळ सीडीचा बॅकअप घ्या. जुन्या फाइल्स आत्ताच पीडीएफमध्ये आणा. स्क्रायबस, लिब्रेऑफिस ही मोफत सॉफ्टवेअरही काही पेजमेकर फाइल्स उघडतात.