चुका कराव्यात, पण नकलेवर

निवृत्तीनंतर ब्रश हाती घेणारे आपल्यात बरेच आहेत. एकाच कागदावर जलरंग, मेणखडू, शाई आणि चिकटवलेला कागद आणणारं मिश्र माध्यम अनेकांना खुणावतं. पण दोन-चार चित्रं बिघडली की वही कपाटात जाते. शाळेतल्या लाल शाईची भीती साठीनंतरही जात नाही. म्हणून थोडं चुकांविषयीच बोलू.

या माध्यमातल्या बऱ्याच चुकांचं मूळ हातापेक्षा वस्तूंच्या स्वभावात असतं. मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून खडूच्या रेघेवरून जलरंग ओघळतो. पाण्यात विरघळणाऱ्या शाईवर ओला ब्रश फिरला की रेघ पसरते. पातळ कागद भिजला की फुगतो. 300 जीएसएमचा जाड कागद बराच तग धरतो. तैलखडूवर ॲक्रिलिक नीट धरत नाही, पुढे त्याचे पापुद्रे सुटतात.

कारण कळलं की हाच स्वभाव उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धात, बाँबवर्षावाच्या रात्री लंडनच्या भुयारी स्थानकांत आसरा घेतलेली माणसं हेन्री मूर यांनी चितारली, ती अशीच. गडद जलरंगातून मेणाच्या रेघा उजळ राहतात आणि अंधारात निजलेली माणसं दिसू लागतात. टेट संग्रहालयाकडे यांतली काही चित्रं आहेत.

तेव्हा बिघडलेलं चित्र फाडू नका. पाठीमागे तारीख घाला; कोणतं माध्यम आधी, कोणतं नंतर, वाळायला किती वेळ दिला, ते लिहा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही.

मात्र प्रत्येक चूक परवडत नाही. लिओनार्दोने मिलानमधलं 'द लास्ट सपर' ओल्या गिलाव्याची रीत सोडून कोरड्या भिंतीवर रंगवलं. त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. 1999 मध्ये संपलेल्या डागडुजीला वीसएक वर्षं लागली, तरी गेलेला रंग परत आला नाही.

आपल्या घरातही अशी एक भिंत असते: आईचं पत्र, आजोबांचा मोडीतला कागद, लग्नातला एकुलता एक फोटो. चित्रात ते चिकटवायचा मोह होतो. पण डिंक लागला की कागद सुखरूप निघत नाही, आणि ते अक्षर पुन्हा कोणी लिहिणार नाही. मूळ कागद जपून ठेवा, नकल वापरा. नकलही लेझर प्रिंटरवर काढा. इंकजेटची शाई पुष्कळदा पाण्याने पसरते.

दारातली रांगोळी उद्या पुसायचीच असते, म्हणून ठिपका चुकला तरी हात अडत नाही. सरावाचे कागद तसेच समजा. या दिवाळीत कपाटातली वही बाहेर काढा, आणि नातवंडांनाही शेजारी एक कोरा कागद द्या.