चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

आपल्या घरातले मूल पुस्तक नाकाशी धरून वाचू लागले, की आई चार दिवसांच्या आत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. आठवड्याभरात चष्मा येतो. भावंडे ‘ढापण्या’ म्हणून चिडवतात, पण फळ्यावरचे अक्षर दिसू लागते. यात आपण काही विशेष केले, असे कुणाला वाटतही नाही. हीच साधी गोष्ट गरिबांच्या शाळेत घडावयाची झाली, तर तिला किती उंबरे ओलांडावे लागतात, हे मी अलीकडे उरण तालुक्यातील जासईच्या आसपास पाहिले. तेच आज वाचकांपुढे मांडीत आहे.

जासईचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. नव्या मुंबईसाठी गेलेल्या जमिनींचा रास्त मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये या भागातले शेतकरी उठले आणि गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. १९८९ मध्ये शेजारीच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघालेला अटल सेतू जवळच चिर्ले येथे येऊन उतरला. भातखाचरांच्या जागी कंटेनरांच्या थप्प्या लागल्या. इथल्या शाळांत आता गावच्या मुलांबरोबर दूरदूरच्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेल्या मजुरांचीही मुले बसतात.

शाळेत मुलांची प्रकृती तपासावी, हा विचार नवा नाही. आपल्या देशात अशी पहिली तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. १९४६ साली भोर समितीने मात्र, देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष काढला. तेव्हापासून आपण पुष्कळच पुढे आलो आहोत. २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि वाढीतील अडथळे अशा चार बाबी ते पाहते. याशिवाय जंताची गोळी आहे, आठवड्याला लोहाची गोळी आहे. दुपारच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे.

तेव्हा सरकारने काहीच केले नाही, असे म्हणण्याची सोय नाही. अडचण पुढेच आहे.

एका खोलीवजा घरात मी एका आईशी बोलत होतो. मुलगी सहावीत. तपासणीत तिची नजर कमी भरली होती. “चिठ्ठी मिळाली होती ना?” मी विचारले. बाईंनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रेशनकार्डाच्या घडीत ती चिठ्ठी जपून ठेवलेली होती! “हरवली नाही हो दादा,” त्या म्हणाल्या, “पण दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडतो. दिवस मोडला की रोज बुडतो. आणि पोरगी काही दुखतंय म्हणत नाही.”

त्या शेवटच्या वाक्यातच सारे दुखणे आहे. मूल तक्रार करीत नाही. ज्याने जग कधी स्पष्ट पाहिलेच नाही, त्याला आपल्याला अंधुक दिसते हे कळणार कसे? ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते आणि कॉपी करणारे ठरते. रक्त कमी असलेली मुलगी दुपारच्या तासाला पेंगते आणि आळशी ठरते. प्रकृतीचा दोष स्वभावाच्या नावावर मांडला जातो.

तपासणी फुकट, उपचारही फुकट. फुकट नसतो तो आईबापांचा दिवस. मोठ्या तपासणीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर जासईहून पनवेल, पेण करीत अलिबाग! त्यातून बाप मजुरीसाठी दुसरीकडे गेला, की मूल शाळा बदलते आणि मागची नोंद मागेच राहते.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. चिठ्ठी दिल्यानंतर पुढे काय झाले, हे विचारणारे एक माणूस प्रत्येक शाळेत हवे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य योजनेत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करावे, असे ठरले आहे. पण जिथे दोन गुरुजी मिळून चार-पाच वर्ग सांभाळतात, तिथे त्यांनी कशाकशाला पुरे पडावे? म्हणून पालकांनी हातभार लावला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. समितीने एक साधी वही ठेवावी: मुलाचे नाव, चिठ्ठीची तारीख, उपचाराची तारीख. तिसरा रकाना रिकामा दिसला, की त्या घरी जावे. एकाच दिवशी पाच-सहा मुलांना मिळून न्यावे, म्हणजे पाच-सहा घरांचा रोज बुडत नाही. एक-दोन आया सोबत असल्या की भागते.

आणि आपण शहरातली मंडळी? आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुले अशाच शाळांत जातात. दिवाळीला त्यांना साडी आणि फराळ आपण देतोच. यंदा त्याबरोबर एवढे विचारा, “मुलांची शाळेत तपासणी झाली का? चिठ्ठी मिळाली का?” मिळाली असेल, तर त्या दिवशीची सुट्टी पगार न कापता द्या; जमल्यास सोबत जा. मात्र अंदाजाने टॉनिकची बाटली किंवा बाजारातला तयार चष्मा आणून देऊ नका. उपचार डॉक्टरांनीच ठरवावा. आपण फक्त मुलाला त्यांच्या दारापर्यंत पोचवावे.

वाचकहो, मुलाच्या दुखण्याचे निदान करून ते कागदावर उतरवणारे लोक आता आपल्याकडे आहेत. त्या कागदाला पाय मात्र आपणच द्यायचे आहेत.