आयरिश चित्रपटातील खेळ : प्रतिमा आणि राष्ट्रीय अस्मिता

प्रस्तावना :
चित्रपटातील खेळ हा केवळ करमणुकीचा भाग नसून समाजाच्या आत्मप्रतिमेचा आविष्कार असतो. आयर्लंडमधील गॉलवे येथील विद्यापीठाचे चित्रपट-अभ्यासक शॉन क्रॉसन यांनी 'स्पोर्ट अँड फिल्म' (2013) आणि 'गेलिक गेम्स ऑन फिल्म' (2019) या ग्रंथांतून या विषयाचा सखोल अभ्यास केला आहे. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासक्षेत्राच्या अनुषंगाने हर्लिंग व गेलिक फुटबॉल या देशी खेळांच्या चित्रणाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
हर्लिंग हा लाकडी काठी व लहान चेंडूने खेळावयाचा प्राचीन सांघिक खेळ होय. ब्रिटिश अमलात देशी खेळांचे जतन करण्यासाठी 1884 मध्ये थर्ल्स येथे 'गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन'ची स्थापना झाली. त्यामुळे हे खेळ राष्ट्रीय अस्मितेशी जोडले गेले. चार्ल्स किकहॅम यांच्या कादंबरीवरील 'नॉकनागाऊ' (1918) या मूकपटात हर्लिंगचे दृश्य आढळते.

हॉलिवूडचा दृष्टिकोन :
अमेरिकन चित्रपटांत मात्र याच खेळाला वेगळे रूप मिळाले. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या 'हर्लिंग' (1936) या लघुपटात खेळातील धसमुसळेपणा विनोदी निवेदनासह मांडला गेला. आयरिश मनुष्य जन्मतःच भांडखोर असतो, हा जुना समज त्यातून दृढ होत असे. जॉन फोर्ड यांच्या 'द रायझिंग ऑफ द मून' (1957) मध्येही हर्लिंगचा संघ विनोदनिर्मितीसाठीच अवतरतो.

स्वतःची प्रतिमा :
या प्रतिमेपेक्षा वेगळे चित्र 'गेल लिन' या आयरिश भाषाप्रसारक संस्थेने उभे केले. लुई मार्कस दिग्दर्शित 'पील' (1962) व 'क्रिस्टी रिंग' (1964) या माहितीपटांत अनुक्रमे गेलिक फुटबॉल व हर्लिंग यांतील कौशल्याचे दर्शन घडते. येथे खेळाडू हास्यास्पद नाही, तर निष्णात आहे.

स्मृती आणि इतिहास :
21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात डब्लिन विरुद्ध टिपरेरी हा फुटबॉल सामना सुरू असताना ब्रिटिश सत्तेच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन याच्यासह 14 जणांचा बळी गेला. नील जॉर्डन यांच्या 'मायकेल कॉलिन्स' (1996) मध्ये चिलखती गाडी थेट मैदानात घुसून गोळ्या झाडते. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. या बदलाने प्रसंगाची भीषणता वाढली, पण प्रेक्षकांच्या मनात कल्पित दृश्यच इतिहास म्हणून रुजण्याचा धोकाही निर्माण झाला. केन लोच यांच्या 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' (2006) चा आरंभ हर्लिंगच्या खेळाने होतो. त्यानंतर आपले नाव इंग्रजीत सांगण्यास नकार देणारा तरुण मारला जातो. खेळ, भाषा आणि प्रतिकार येथे एका सूत्रात गुंफले आहेत.

समारोप :
फोर्ड आयरिश स्थलांतरितांचे पुत्र होते, तर लोच इंग्रज आहेत. तरीही खेळाची थट्टा पहिल्याच्या चित्रपटात होते आणि त्याला प्रतिष्ठा दुसऱ्याच्या चित्रपटात लाभते. म्हणजेच दिग्दर्शकाचे मूळ निर्णायक ठरत नाही. चित्रपट कोणासाठी व कोणत्या हेतूने निर्माण होतो, यावर खेळाचा अर्थ अवलंबून असतो. दीर्घकाळ इतरांच्या नजरेतून पाहिल्या गेलेल्या समाजाला स्वतःचे खेळ स्वतःच्या पडद्यावर पाहता येणे, हा सांस्कृतिक स्वातंत्र्याचाच एक भाग म्हणावा लागेल.